चार नंबरच्या पेशंटचा हवापालट

सांगलीत मी ज्या घरात भाड्यानं राहायचो, त्याच्या व्हरांड्यात एक लांबलचक हिरवं बाक होतं. त्यावर घरमालकीण सोडून कुणीही बसलं तरी चालायचं. पेपरवाला बसायचा, गॅसवाला बसायचा, आम्हा भाडेकरूंपैकी कुणाचे आईवडील आले तर ते बसायचे, शेजारचं मांजर तर त्या बाकाखाली दरवर्षी बाळंत व्हायचं. घरमालकीण मात्र शेजारी उभ्या. पाय भरून आले तर कठड्याला टेकतील, पण बसणार नाहीत.

मी नवीन होतो तेव्हा भाबडेपणानं म्हणालो, "बसा की, किती वेळ उभ्या राहाल?"

"ते बाक नातेवाइकांचं हाय," त्या म्हणाल्या. "सिस्टरनं बसायचं नसतं त्यावर."

त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. वाळवा तालुक्यातल्या शेतकरी घरातून त्या नर्सिंगला आल्या, लग्न केलं नाही, आणि अख्खा जन्म एका मोठ्या दवाखान्यात काढून निवृत्त झाल्या. त्या दवाखान्याची जुनी इमारत पाडायला निघाली, तेव्हा हे बाक आणि 'भेटण्याची वेळ चार ते सहा' असं लिहिलेला एक पत्रा त्या टेम्पोत घालून घेऊन आल्या. पत्रा फाटकाला लावला. नुसता लावला नाही, पाळलाही. माझा एक मित्र दुपारी दोनला आला होता, त्याला चार वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मधे एकदा चहा दिला, पण आत सोडलं नाही.

सिस्टर बुटक्या, गोलमटोल, आणि चालताना अजिबात आवाज न करणाऱ्या. साडी पांढरीच. आता तरी जरा रंगीत नेसा, असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "पांढऱ्यावर डाग दिसतो. डाग दिसला म्हंजे धुता येतो." छातीशी पिनेनं टाचलेलं उलटं घड्याळ निवृत्तीनंतरही तसंच होतं. बोलता बोलता समोरच्याचं मनगट कधी त्यांच्या हातात जायचं ते कळायचंही नाही. भाजीवाल्यानं कोथिंबीर आजचीच आहे असं शपथेवर सांगितलं, की त्याची नाडी मोजून म्हणायच्या, "खोटं बोलालायस. बघ कशी पळतीया." भाजीवाला बिचारा खरंच कालची कोथिंबीर मागं घ्यायचा.

घराला भाड्याच्या चार खोल्या होत्या आणि आम्ही चौघे त्यांच्या लेखी चार बेड होतो. आमची नावं त्यांना ठाऊक असावीत, पण हाक यायची ती नंबरानं. "बेड नंबर दोन, केस कापून ये." "बेड नंबर चार, दोन दिस वांगं टाकतुयास ताटात, पोट बरं हाय न्हवं?" चार नंबर मी. सकाळी राउंड असायचा. दारावर टकटक वगैरे भानगड नाही. सिस्टर आत यायच्या, खिडकी उघडायच्या, पांघरुणाची घडी करायच्या, मग आपण त्या पांघरुणात आहोत का ते बघायच्या.

त्यांचे काही कायदे होते. पहिला म्हणजे 'मेला' हा शब्द घरात काढायचा नाही. बॅटरी मेली, फोन मेला, असंही नाही. "सिरियस म्हण," त्या दरडावायच्या. दुसरा कायदा यापेक्षा कडक होता. बातमी आधी पेशंटला, मग नातेवाइकांना. दवाखान्यात त्यांनी उलटं बघितलं होतं. डॉक्टर व्हरांड्यात नातेवाइकांशी कुजबुजायचे, नातेवाईक डोळे पुसून हसऱ्या चेहऱ्यानं आत यायचे, आणि ज्याच्या जिवाची गोष्ट तो खाटेवरून सगळ्यांची तोंडं बघत बसायचा. "चांगली असू दे न्हाईतर वाईट, ज्याची हाय त्याला आधी. बाकीच्यांनी बाकावर थांबायचं."

दोन नंबरच्या पोराचा निकाल त्याच्या मामाला आधी कळला होता. मामा पेढ्यांचा पुडा घेऊन सकाळीच हजर. पोरगा अंघोळीला गेलेला. मामानं आनंदाच्या भरात सिस्टरच्या हातावर पेढा ठेवायचा प्रयत्न केला, तर सिस्टरनी दोन्ही कानात बोटं घातली आणि मानेनंच बाकाकडं खूण केली. मामा मांडीवर पुडा घेऊन बसला. पोरगा टॉवेलवर बाहेर आला, त्याला निकाल कळला, तो ओरडला, आणि मग सिस्टरनी कानातली बोटं काढून पेढ्यासाठी हात पुढं केला.

अशा घरात मी माझा कॉम्प्युटर घेऊन राहायला गेलो होतो.

मी उंब्रजचा. वडील लष्करात ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन ऊस करतात. मला कार्टून फिल्म करायचं वेड. वडिलांनी विरोध असा केला नाही, पण मुदत घातली. या उन्हाळ्यापर्यंत कुठं चिकटलास तर ठीक, नाहीतर हायवेवर तुझ्या मामाचं टायरचं दुकान आहे, त्याच्या गल्ल्यावर बसायचं. मामाला भरवशाचा माणूस हवाच होता. टायरच्या दुकानात वाईट काही नाही. पण मी लहानपणापासून सुट्टीत तिथं बसलोय, आणि रबराचा तो वास आठवला की मी उठून पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायचो.

आणि त्या वर्षी संधी आली. पुण्याच्या एका स्टुडिओनं नोकरीसाठी परीक्षा म्हणून छोटी फिल्म मागवली. अट एकच, की फिल्ममध्ये केसाळ प्राणी पाहिजे. मी उसाच्या फडातला एक उंदीर केला. उंदीर झकास झाला होता. लबाड डोळे, एक कान फाटका. भानगड त्याच्या केसांची होती. अशा फिल्ममधलं प्रत्येक चित्र कॉम्प्युटर शेवटी स्वतः रंगवून काढतो, आणि त्या उंदराच्या अंगावरचा केस न् केस, त्यावरचा उजेड, त्याची सावली त्याला मोजावी लागते. माझा कॉम्प्युटर जुना, दुसऱ्याचा वापरलेला. त्याच्या चालीनं उंदीर पावसाळ्यात पुरा झाला असता. स्टुडिओला तो अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी हवा होता.

मी ही अडचण सिस्टरना सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तासून टाक की त्याला. ऑपरेशनच्या आधी आमी तासतोच."

उंदीर तासून चालण्यासारखा नव्हता. म्हणून मी ओव्हरक्लॉकिंग केलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो किती वेगानं चालावा हे कंपनी ठरवून देते, पण सेटिंगमध्ये शिरून आपल्याला तो वेग वाढवता येतो. वेग वाढवला की वीज जास्त लागते, आणि जास्त वीज गेली की तो तापतो. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावून ठेवायचा आणि त्यावर डोळा ठेवायचा.

सिस्टर पहिल्यांदा आल्या त्या पंख्याच्या आवाजानं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कुणाला धाप लागलीया?" त्यांनी खाटेखाली वाकून बघितलं. मी म्हणालो, कॉम्प्युटर आहे, जरा गरम झालाय.

"किती?"

"ब्याऐंशी."

सिस्टर मटकन खाली बसणार होत्या, पण ड्युटीवरची नर्स बसत नाही. "ब्याऐंशी? आणि तू च्या पितुयास?"

मग मला त्यांना सगळं शिकवावं लागलं. काम करताना सत्तरच्या आत असेल तर मजेत आहे. ऐंशीपर्यंत बिनघोर चालतं. पंच्याऐंशीला लक्ष ठेवायचं. नव्वदच्या वर तास न् तास ठेवायचा नाही. शंभरच्या आसपास तो स्वतःच आधी मंद होतो, आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला बंद पडतो. सिस्टरनी एकेक आकडा ऐकून मान हलवली, आणि लगेच आपल्या भाषेत लावून घेतला.

"म्हंजे सत्तर नॉर्मल. ऐंशी म्हंजे अंगात कणकण. पंच्याऐंशी म्हंजे ताप. नव्वदला डॉक्टरला उठवायचं."

"आणि शंभरला?"

"शंभरला नातेवाइकांना आत बोलवायचं."

त्या दिवसापासून चार नंबर मी राहिलो नाही, चार नंबर तो झाला. राउंडला आल्या की आधी कॅबिनेटला, म्हणजे त्याच्या पत्र्याच्या पेटीला, तळहाताची मागची बाजू लावायच्या. मग कोपऱ्यातला आकडा बघायच्या आणि हाताच्या अंदाजाशी जुळला की खूश व्हायच्या. जुळला नाही तर दोष आकड्याला. आकड्यापेक्षा चढण बघावी, हे त्यांचं आवडतं मत होतं. "पंच्याऐंशीला टिकून बसलाय त्याचं भ्या न्हाई. पंच्याहत्तरवरनं एकदम पंच्याऐंशीला गेला त्याचं हाय." या मताला मी आजही मानतो. बाकी त्यांची काही मतं मानण्यासारखी नव्हती. कॉम्प्युटरसमोर त्याच्या तापाची चर्चा करायची नाही, हे त्यातलं एक. "ताप म्हंजे बातमी न्हवं, त्यो त्याला आधीच ठावं असतुया," असं म्हणून आकडा सांगायला त्या मला व्हरांड्यात बोलवायच्या.

एकदा मी प्रोसेसरवरचा पंखा काढून खाली बोळ्यासारखी साचलेली धूळ चिमट्यानं ओढत होतो. चिमटा पोचत नव्हता. सिस्टर आत गेल्या आणि लांब नाकाचा ऑपरेशनचा चिमटा घेऊन आल्या. तो त्या एरवी पायजम्याची नाडी ओवायला वापरायच्या. त्यांनी एका झटक्यात सगळा बोळा बाहेर काढला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे घेऊन बिचारा श्वास घेत हुता!" मग प्रोसेसर आणि त्यावरची धातूची जाळी यांच्यामधे मी नवी पेस्ट लावली, तर ती त्यांनी सुंठीचा लेप समजून नाकाजवळ नेली. नव्या पेस्टनं आकडा चांगला उतरला. सिस्टरनी श्रेय चिमट्याला दिलं.

पण एप्रिल संपत आला आणि सांगली तापायला लागली. आमची गच्ची उघडी, छत दिवसभर भाजायचं. दुपारी खोलीच चाळिशीला टेकली की प्रोसेसर शंभराकडं धावायचा आणि बंद पडायचा. वेग उतरवला तर थंड राहायचा, पण सोमवार चुकायचा. मधला वेग धरला, तर दुपारी नव्वदीला चिकटायचा आणि तरीही सोमवार चुकायचाच. ए.सी. लावला असता तर त्या जुन्या वायरिंगनं आधी मान टाकली असती. वडिलांचा फोन यायचा. ते उंदराची चौकशी करायचे आणि शेवटी म्हणायचे, "मामा इचारत हुता."

त्याच दिवसांतली ती दुपार. मी जेवायला खानावळीत निघालो होतो. मशीन चालूच होतं. जाता जाता सिस्टरना म्हणालो, "नव्वदच्या वर गेला तर जरा बघा." बघा म्हणजे मला फोन करा, असं माझ्या मनात. पण नर्सला बघा म्हटलं की ती बघते.

परत आलो तर पंख्याचा आवाज नाही. कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर जुन्या मऊ धोतराच्या दोन घड्या नीट अंथरलेल्या. शेजारी स्टीलचं पातेलं. सिस्टर तिसरी घडी पिळत होत्या आणि चेहऱ्यावर मोठं समाधान.

"उतरला बघ," त्या म्हणाल्या. "पार उतरला. आकडाच दिसंना झालाय."

"हे कसलं पाणी आहे?"

"मिठाचं. साध्या पाण्यानं कुटं उतरतुया ताप?"

आपल्याकडं ताप चढला की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतात. माझ्या आईनं माझ्या कपाळावर ठेवल्यात, तिच्या आईनं तिच्या. पण चालू मशीनच्या डोक्यावर मीठपाणी म्हणजे विषच. मी झेप घेऊन वायर उपटली, घड्या भिरकावल्या, आणि रागानं ओरडलो, "मेला असणार तो आता! मेला!"

सिस्टरनी मला टोकलं नाही. सिरियस म्हण, म्हणाल्या नाहीत. हातातली घडी पातेल्यात ठेवली आणि बाहेर जाऊन बाकाशेजारी उभ्या राहिल्या. त्या कशा उभ्या होत्या ते मला खिडकीतून दिसत होतं, आणि मला माझ्याच ओरडण्याचं वाईट वाटायला लागलं होतं. पण आधी मशीन उघडायचं होतं.

उघडलं, आणि मला हसावं की रडावं कळेना. सिस्टरनी घड्या पिळल्या होत्या नर्सच्या हातानं. पेशंटच्या डोळ्यात पाणी जाता कामा नये, असं पिळायची सवय. जाळीतून जेमतेम चारदोन थेंब आत उतरले होते, आणि तेही प्रोसेसरवरच्या तापलेल्या धातूवर पडून जागच्या जागी वाळले होते. मिठाचे पांढरे ठिपके राहिले होते फक्त. मशीन बहुधा त्या घड्या येण्याआधीच तापानं आपोआप बंद पडलं होतं. मी सगळं सुटं करून पुसलं, पंख्याखाली वाळवलं. ऊन उतरेपर्यंत सिस्टर बाहेर उभ्याच होत्या. तीन नंबरचा पोरगा त्यांना खुर्ची घेऊन आला, तर नको म्हणाल्या.

बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन उजळली.

"किती?" बाहेरून आवाज आला. अगदी बारीक.

"एक्केचाळीस."

सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या, चहा केला, माझ्यासमोर कप ठेवला. "सगळ्या नोकरीत माझ्या हातनं असं झालं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मग पदरानं नाक पुसून एकदम जुन्या आवाजात, "ह्याला औषधानं गुण यायचा न्हाई. ह्याला हवापालट पायजे. पाचगणीला न्यायचा."

मी हसलो. मग हसता हसता थांबलो. खोली जितक्या अंशांनी थंड, प्रोसेसरही जवळजवळ तितक्याच अंशांनी थंड. सांगलीतल्या माझ्या भाजक्या खोलीपेक्षा पाचगणीत हवा पंधरा अंशांनी तरी उतरलेली असणार. म्हणजे शंभराकडं धावणारा प्रोसेसर तिथं ऐंशीपंच्याऐंशीला चालणार, तोही पूर्ण वेगानं, तोही दिवसरात्र. सिस्टरना क्षयाचे पेशंट आठवत होते आणि मला पदार्थविज्ञान, पण दोघांचा रस्ता पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटानंच जात होता.

पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत सिस्टरची जुनी मैत्रीण मेट्रन होती. मुलं सुट्टीला घरी गेलेली, शाळेची आजारी मुलांची खोली मोकळी. तिला विचारून झालं. राहिला गाडीचा प्रश्न. धीर करून वडिलांना फोन लावला.

"कॉम्प्युटर पाचगणीला?" वडील म्हणाले. "मधुचंद्राला का?"

सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कारखान्याचा हंगाम संपलाय, पिकअप उभीच हाय. येतो. पण हे शेवटचं. न्हाई जमलं तर टायर."

"टायर," मी म्हणालो.

ती वरात मी जन्मात विसरणार नाही. कॅबिनेट गादीवर आडवं ठेवून दुपट्यात गुंडाळलं. सिस्टर पुढं बसायला तयार नव्हत्या. "ॲम्ब्युलन्समधी सिस्टर पेशंटजवळ बसती," म्हणाल्या, आणि मागं हौद्यात, डोक्यावर पदर घेऊन, कॅबिनेटवर हात ठेवून बसल्या. इस्लामपूरच्या अलीकडं वडिलांनी एका स्पीडब्रेकरवरून गाडी जरा उडवली, तर मागून काचेवर थाप बसली.

"ड्रायव्हर! पेशंट हाय मागं!"

डोंगरदऱ्यांत लष्कराचे ट्रक चालवलेले माझे वडील आरशात बघून ताठ झाले. "जी मॅडम!" तिथून पुढं उंब्रज येईपर्यंत गाडी अशी गेली, की सायकलवाले आम्हाला मागं टाकत होते. आमच्याच गावात मामाच्या दुकानासमोर हवा भरायला थांबलो. मामानं मागं डोकावून विचारलं, "कोण आजारी हाय?" सिस्टर म्हणाल्या, "तुमचं गिऱ्हाईक न्हवं." मामाला काही कळलं नाही. त्यानं हवा मात्र काळजीपूर्वक भरली.

पाचगणीला पोचलो. मेट्रनबाई सिस्टरसारख्याच, फक्त उंच. लोखंडी खाट, त्यावर पांढरीशुभ्र चादर, चादरीवर लाकडी फळी आणि फळीवर माझा कॉम्प्युटर. उशाशी खिडकी उघडी, त्यातून गार वारा. मेट्रननं शिस्तीत विचारलं, "पेशंटचं वय?" मी म्हणालो, सात वर्षं. "तक्रार?" सिस्टर म्हणाल्या, "कामाचा ताप."

मशीन सुरू केलं, वेग पूर्ण वर नेला. आकडा चढला. साठ, सत्तर, अठ्ठ्याहत्तर. आणि तिथं थांबला. सिस्टरनी मला व्हरांड्यात नेऊन कानात सांगितलं, "नुसती कणकण."

उंदराचे केस एकापाठोपाठ एक रंगायला लागले. वडील स्टुलावर बसून बघत होते. माझं काम त्यांनी असं सलग कधी बघितलं नव्हतं. उंदीर उसाच्या कांडीवरून घसरून पडला, तेव्हा ते खो खो हसले, आणि मग मी बघतोय हे कळल्यावर खोकल्यासारखं केलं. संध्याकाळी जरा गारठा पडला, तशी मेट्रननं इतक्या वर्षांच्या सवयीनं पायथ्याची चादर उचलून पेशंटच्या अंगावर नीट ओढली. आम्ही चहाला गेलो होतो. परत आलो तर आकडा नव्वदीत.

"आगं, ह्या पेशंटला चादर चालत न्हाई!" सिस्टर किंचाळल्या आणि चादर ओढून काढली. मेट्रन ओशाळली. सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे. मीबी घड्या ठेवल्या हुत्या."

शनिवारी सकाळी उंदीर पुरा झाला. फिल्म पाठवून मी लगेच वायरी गुंडाळायला लागलो, तर सिस्टरनी हात धरला. ताप उतरला त्याच दिवशी डिस्चार्ज देत नसतात. मग एक दिवस पेशंट नुसता पडून राहिला, आम्ही स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम खाल्लं, आणि वडिलांनी टेबललँडच्या पठारावर घोड्यावर बसून फोटो काढून घेतला.

त्यानंतर स्टुडिओ गप्प. सोमवार गेला, आठवडा गेला, आणखी काही आठवडे गेले. मी फोन हातातून खाली ठेवत नव्हतो. सिस्टर राउंडला यायच्या, बंद असलेल्या कॅबिनेटला हात लावायच्या, आणि काही न विचारता जायच्या. त्यांचं न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड जात होतं. मृग लागायच्या आधी वडिलांनी निरोप दिला, शनिवारी पिकअप घेऊन येतो.

ते आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पत्र्यावरच्या नियमाप्रमाणं सिस्टरनी त्यांना बाकावर बसवलं. माझी ट्रंक दारात होती. कॅबिनेट पुन्हा त्याच दुपट्यात बांधून खाटेवर ठेवलं होतं, उंब्रजला जाण्यासाठी. सिस्टर बाकाशेजारी कठड्याला टेकून उभ्या होत्या. वडील टायरच्या धंद्यात कसं बरं चाललंय ते सांगत होते आणि सिस्टर उलट्या घड्याळाकडं बघत होत्या. मी अंगणाच्या नळावर पाण्याची बाटली भरत होतो, तेव्हा फोन वाजला. पुण्याचा नंबर.

ऐकून झालं तेव्हा बाटली भरून वाहत होती. मी तसाच व्हरांड्याकडं धावलो. "सिस्टर! बाबा! ते स्टुडिओचे..."

सिस्टरनी पंजा वर केला. वाहन अडवतात तसा.

"आधी कुणाला?"

मला कळेना. मग त्यांनी मानेनं खोलीकडं खूण केली. चार नंबरकडं.

"आवं मॅडम, काय झालं ते तर कळू द्या!" वडील अर्धवट उठले. "चांगलं हाय का वाईट?"

"तुमी गप बसा. ज्याची बातमी त्याला आधी." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "जा आत. सावकाश सांग."

"पण तुम्ही तरी चला आत. तुम्ही सिस्टर आहात."

त्या वडिलांकडं वळल्या.

"सरका जरा," म्हणाल्या, आणि त्या हिरव्या बाकावर बसल्या.

इतक्या वर्षांत किती पेशंट बरे झाले असतील, आणि किती नातेवाईक या बाकावरून उठून त्यांना घरी घेऊन गेले असतील. सिस्टर प्रत्येक वेळी मागं उभ्याच राहिल्या असतील. मी आत गेलो, दुपटं जरा सोडलं, आणि कॅबिनेटला तळहाताची मागची बाजू लावली. गार होतं. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. मी हळूच सांगितलं, "आपलं झालं रे. पुण्याला जायचंय."

बाहेर अगदी शांत होतं. खिडकीतून बघितलं. वडील दाराकडं डोळे लावून बसले होते, आणि शेजारी सिस्टर, पाय जुळवून, ताठ, उलट्या घड्याळाकडं बघत स्वतःचीच नाडी मोजत होत्या.